कोकरांच्या कुरणातल्या खुंट्या

प्रिय रोनन,

पाकिटावर माझं अक्षर पाहून दचकू नकोस. मी ठणठणीत आहे, कुत्रा ठणठणीत आहे आणि कोणी गेलेलंही नाही, निदान हे लिहितोय तोवर तरी. रविवारी आपण फोनवर एकमेकांची तोंडं बघतो ते खरं, पण तुझा फिन म्हणतो तसं तुम्हाला माझं कपाळ आणि वरचं छतच दिसतं, आणि मला त्या चौकोनात बोलणं सुचत नाही. तुमच्याकडे ऊन, आमच्याकडे पाऊस, एवढं झालं की मी जरा गप्प होतो. तुला वाटतं लाइन गेली. मग तू 'बाबा, ऐकू येतंय का?' करतोस आणि लगेच आपली दोघांची 'बरं मग, ठीक, ठीक, बाय, बाय, बाय' अशी घसरगुंडी सुरू होते. खाली पोचून बघतो तर फोन काळा पडलेला. त्यात हल्ली तू त्या पांढऱ्या भिंतीलाच टेकून बसतोस. पूर्वी तुझ्यामागे तुमचा फ्रिज दिसायचा, त्यावर तुझ्या मेवनं काढलेले पाच पायांचे घोडे दिसायचे; तेवढीच माझी करमणूक व्हायची. मागच्या खेपेला पोरगी मला लिंबाचं काहीतरी सांगायला लागली होती, तेवढ्यात टेसनं तिला हाक मारली नि ती पळाली. ते लिंबाचं राहूनच गेलं. म्हणून आज कागद घेतला. कागदावर कोणी मधेच हाक मारत नाही.

जेवण झालंय, भांडी घासून पालथी घातलीत, आणि तुझ्या आईच्या त्याच मेणकापडावर हात टेकून लिहितोय. पाव मी आता घरीच करतो. परवाचा असा काही झाला की कोंबड्यांनी त्याच्याभोवती एक फेरी मारली आणि निघून गेल्या. तू गेलास तेव्हा आपल्या फाटकापासून ओढ्यापर्यंत चार धुराडी धुरत होती. आता माझं एकटं आहे. मलोय बहिणी दोघी पाठोपाठ गेल्या, आणि त्यांच्या घराच्या खिडकीला डब्लिनच्या कोणा पुतण्यानं फळ्या ठोकल्यात. सकाळी टपालवाला येतो. पत्र नसलं तरी फाटकाशी थांबून काचेतून बोट वर करतो. त्या बोटावर मी दुपारपर्यंत काढतो बघ.

बातमी अशी की शाळा होणार. तू विचारलं नाहीस, पण बार्टलीची लेक ॲशलिंग तुमच्याच पर्थमध्ये, तेव्हा तुझ्या कानावर आलंच असेल. पत्र्याच्या खोल्यांचं हे भिजत घोंगडं तू बालवर्गात होतास तेव्हापासूनचं. 'दोन वर्षांपुरत्या' म्हणून आणलेल्या त्या खोल्यांत तू शिकलास, आणि तुझ्याबरोबर शिकलेल्यांची पोरं आजही तिथेच, बादलीत टपटपणारं पाणी ऐकत पाढे म्हणतात. माझ्या वेळची दगडी शाळा तरी ऊबदार होती म्हणायची. घरातून निघताना प्रत्येकानं जळणासाठी वाळवलेल्या पीटची एक वीट बगलेत मारायची आणि शाळेच्या शेगडीपाशी टाकायची. ज्यानं आणली नाही तो दाराकडच्या बाकावर. मी त्या बाकावर फारसा बसलो नाही, पण चौदाव्या वर्षी शाळाच सोडली. पुढचं शिक्षण वाचनालयाच्या फिरत्या गाडीनं केलं. त्यामुळे मला बरंच काही येतं, फक्त ते कुठल्या क्रमानं येतं ते सांगता येत नाही.

क्लूनन आणि नॉकरो या दोन गावांचं तर तुला ठाऊकच आहे. पंचक्रोशी एक, चर्च एक, मेल्यावर पुरायची जागा एक, पण शाळा दोन आणि फुटबॉलचे संघ दोन. शिक्षण खात्यानं कळवलं की एवढ्या पोरांसाठी दोन इमारतींना निधी मिळणार नाही. दोन्ही शाळा एकत्र करा, म्हणजे एक नवी कोरी इमारत बांधून मिळेल. जागा तुमची, थोडी लोकवर्गणीही तुमची. झालं! आता एकत्र व्हायचं तर कोणी कोणाकडे जायचं? सुंभ जळला तरी पीळ जात नाही. चर्चच्या हॉलमध्ये सभा भरली. पॅकी लॉफ्टस उठून म्हणाला, "नॉकरोची पोरं आमच्याकडे क्लूननला पाठवा, निदान चेंडूला लाथ मारायला तरी शिकतील." त्यावर बार्टली बसल्या जागेवरून म्हणाला, "पाठवू रे, पण संध्याकाळी मोजून परत द्या. गेल्या साली माझ्या मेंढ्या तुमच्या बाजूला अशाच गेल्या होत्या." हॉल हसला आणि पॅकीचे कान लाल झाले. "त्या मेंढ्यांना आमच्याकडचं गवत आवडलं, त्याला मी काय करू?" फादर टिमनींनी चमच्यानं कप बडवला. त्यांचा आवाज आता गेलाय, चमच्यावरच पंचक्रोशी चालवतात.

त्या सभेतली एक गोष्ट मला विसरता येत नाही. सॉरका आता तुझ्या त्या शाळेची मुख्याध्यापिका आहे. हो, तीच, जिच्या वेणीला तू शेपटी बांधली होतीस. ती म्हणाली, पुढच्या वर्षांत किती मुलं येतील ते खात्याला दाखवावं लागेल, तर ज्यांच्या घरात लहानगी आहेत त्यांनी नावं सांगा. एकदोन नावं आली. मग पॅकीची पेग उभी राहिली. "माझी बॉस्टनची तिघं लिही." तिच्या मागून कोणीतरी म्हणालं, "आमची टोरंटोची जुळी." मग थांबेचना. लंडनची, सिडनीची, दुबईची, सगळी नातवंडं एकामागून एक त्या थंडगार हॉलमध्ये येऊन बसली. सॉरकानं लेखणी खाली ठेवली. "पेग, इथे राहणारी मुलं लागतात गं." पेग म्हणाली, "येतील की. शाळा चांगली झाली तर येतील."  सॉरकानं डोकं वर केलं, नजर माझ्यापाशी आली. मी कपात बघत होतो. तिनं नजर पुढे नेली. शहाणी पोर आहे. तुला तेव्हा कळलं नाही, पण होतीच.

जागेचं भांडण मिटायचं तर एकच उपाय उरला. शाळा बरोबर मधोमध बांधायची, दोन्ही जुन्या शाळांपासून सारख्या अंतरावर, म्हणजे कोणीच कोणाकडे गेलं नाही असं होईल. तिथे वस्ती नसली तरी चालेल, दुकान नसलं तरी चालेल. आता मध्य कुठला? क्लूननच्या गाडीतला आकडा म्हणे चौरस्त्याच्या अलीकडे, नॉकरोच्या गाडीतला आकडा म्हणे पलीकडे. शेवटी फादर टिमनींनी युक्ती काढली. असली युक्ती आपल्याच लोकांना सुचावी! चर्चची दुपारची घंटा झाली की दोन्ही शाळांपासून एकेक ट्रॅक्टर निघेल, दोघं सारख्या गिअरमध्ये, आणि जिथे समोरासमोर येतील तिथे शाळा. नॉकरोकडून बार्टली, क्लूननकडून पॅकी. सगळ्यांचा होरा होता की गाठ पडणार ती चौरस्त्यावर, जुन्या दूधडेअरीच्या ओसाड आवारात, आणि ती जागा चर्चचीच. तेव्हा लोक चहाचे थर्मास आणि सँडविच घेऊन तिकडे जमले. फोटो काढायला कोणीतरी शिडीसुद्धा आणली होती.

पण सगळ्यांनी सगळं मोजलं आणि एक विसरले. आपल्याकडे रस्त्यात माणूस भेटला आणि न थांबता कोणी पुढे गेलं, असं कधी झालंय का? मयताची गाडीसुद्धा जरा हळू होते. मी त्या वेळी आपल्या फाटकाशी उभा होतो. नुसता हात वर केला. बार्टली थांबला. इंजिन चालूच, पण माणूस थांबला. आम्ही बोलत होतो, आणि तिकडे पॅकी चौरस्त्यावर पोचला. समोर कोणी नाही. नियम तर असा की गाठ पडेपर्यंत थांबायचं नाही. तेव्हा त्यानं टोपी उचलून सगळ्या गर्दीला सलाम ठोकला, शिडी, थर्मास, सगळं मागे टाकलं आणि येत राहिला. चढ ओलांडून आला तेव्हा आम्ही दोघं फाटकाशीच होतो. "झालं का तुमचं?" पॅकी ओरडला, "का मी डब्लिनपर्यंत जाऊ?" त्याच्यामागून सगळी पंचक्रोशी धापा टाकत आली. क्लूननवाले चिडले, कारण शाळा नॉकरोच्या बाजूला सरकली. नॉकरोवाले चिडले, कारण त्यांचा गडी ढिला निघाला. दोन्हीकडचे सारखेच चिडलेत म्हणजे मध्य बरोबर निघाला, असं फादरनी जाहीर केलं. पुन्हा मोजायचं म्हटलं असतं तर आणखी एक पिढी पत्र्याखाली गेली असती, म्हणून सगळ्यांनी तोंडं मिटली. बार्टलीला आजही दुकानात चिडवतात, "एवढं काय बोलत होतात रे मॅलकीशी?" तो सांगतो, "पावसाचं." पावसावर एवढा वेळ बोलणारा माणूस आपल्याकडे जन्मायचाय असं नाही, त्यामुळे ते खपून जातं.

तर अशा तऱ्हेनं शाळेची जागा ठरली ती फाटकालगतच्या आपल्या कोकरांच्या कुरणात.

हे वाचून तू जरा थांबला असशील. मीही इथे उठून शेगडीत जळण टाकून आलो.

तुला आठवतो का तो उन्हाळा? टेस पहिल्यांदा इकडे आली होती, पायात ते पांढरे बूट, आणि आपल्या चिखलानं दुपारपर्यंत त्यांना आपलंसं करून टाकलं. तू गवंड्याची दोरी आणि लाकडी खुंट्या घेऊन कुरणात उतरलास आणि दिवसभर ठोकत बसलास. इथे बैठकीची खोली, इथे आमची, ही पुढे होणाऱ्या पोरांची. आई किटली घेऊन बांधावर बसली होती. तू तिला बोलावलंस, "ये ना, आत ये." ती आली, दोरीपाशी थांबली, नसलेल्या दारावर टकटक केली आणि नसलेल्या पायपुसण्यावर पाय पुसले. टेस एवढी हसली की खाली बसली. मग तुझी आई तुमच्या स्वयंपाकघरात उभी राहिली, तळ्याकडे तोंड करून, चारी बाजूंनी वारा, आणि म्हणाली, "भांडी घासायची जागा खिडकीशीच ठेव रे. बाईला बाहेरचं दिसलं पाहिजे." घर तिनं तेवढंच पाहिलं. पण पाहिलं, एवढं मात्र खरं.

पुढे इकडची कामं आटली आणि तुम्ही 'वर्षभरासाठी' म्हणून गेलात. मी काही म्हटलं नाही. आपल्याकडे वर्षभरासाठी गेलेल्यांची गावं वसलीत बाहेर. बांधकामाच्या परवानगीची मुदत संपली तेव्हा मी वाढवून घेतली. ती वाढीव मुदतही गेली. खुंट्या मात्र राहिल्या. मी गवत कापतो ते त्यांना वळसा घालून. कुजलेली खुंटी दिसली की त्याच भोकात नवी ठोकतो. दोरी काढून टाकली, कोकरं अडकायची. मेंढ्यांना आता ती जागा इतकी सवयीची झालीय की तुमच्या बैठकीच्या खोलीतच रवंथ करत बसतात. आईच्या मयताला तू आलास तेव्हा पावसात तिथे जाऊन उभा राहिला होतास. मी इथून खिडकीतून बघत होतो. तू एका खुंटीला बुटानं हलवून पाहिलंस. घट्ट होती. तू घरात आलास आणि आपण हॅम सँडविचबद्दल बोललो.

ट्रॅक्टरच्या कारभारानंतर समिती घरी आली. फादर टिमनी, सॉरका आणि बार्टली. मी माझा पाव काढणार होतो, पण माणुसकी म्हणून बिस्किटांवर भागवलं. फादर म्हणाले, "मॅलकी, गावाला तुझं कुरण हवंय. फुकट नको, रास्त मोल देऊ." मी म्हटलं, विचार करतो. सॉरका म्हणाली, "तुम्ही सावकाश विचार करा. फक्त फार सावकाश नको."  बार्टलीनं अख्खा वेळ कुत्र्याचा कान खाजवला. ते कुरण आता माझं नाही, हे तिथल्या तिथे सांगता आलं असतं. परवानगी सोपी जावी म्हणून आपण त्याच उन्हाळ्यात ते बक्षीसपत्रानं तुझ्या नावावर केलं होतं, हे हेनेगन वकिलाखेरीज गावात कोणाला माहीत नाही. माझ्या ओठांवर आलं होतं, पण गिळलं. बोललो असतो तर सॉरकानं फाटकाबाहेर पडायच्या आत तुला फोन लावला असता.

तेव्हापासून दिवस जरा कठीण गेले. मी भाव वाढवायला अडून बसलोय, असं पहिल्यांदा कोण म्हणालं माहीत नाही, पण पसरायला वेळ लागला नाही. माझी आई क्लूननची, बाप नॉकरोचा, तेव्हा दोन्ही बाजूंना 'हा त्यांचाच' म्हणायची सोय आहे. रविवारी चर्चमध्ये माझ्या बाकावर बसायला जागा असते. दुकानात गेलो की बोलणं पावसावर येतं. पेग लॉफ्टसनं तर तोंडावर विचारलं, "मॅलकी, त्या कुरणात सोनं पुरलंयस की काय?" मी म्हटलं, "असतं तर तुझ्या नवऱ्यानं रात्रीत मेंढ्यांबरोबर नेलं असतं." ती हसली, पण डोळ्यांनी नाही. सगळ्यांना एक गोष्ट विचारता आली असती, आणि ती एकानंही विचारली नाही. परदेशी गेलेल्या पोराबद्दल म्हाताऱ्याला विचारायचं नाही, ही आपल्याकडची रीत. रीत चांगली आहे, पण तिच्या आत बसलेल्याला थंडी फार वाजते.

इकडे लोकवर्गणी जोरात सुरू आहे. केक विकून झाले, पत्त्यांचे डाव झाले, सगळी पंचक्रोशी तळ्याला प्रदक्षिणा घालून आली. सोडतीत मी पीटची एक ट्रॉली ठेवली. ती नेमकी पॅकीला लागली आणि तो ती न्यायला आला तेव्हा आम्ही दोघं मिळून उतरवत होतो, चढवत होतो, आणि एक शब्द बोललो नाही. त्याच्याबरोबर मी शाळेत वीट घेऊन जायचो रे, एकाच बगलेत दोघांची.

मग ख्रिसमसनंतरच्या वादळानं क्लूननच्या एका खोलीचा पत्रा उचलला आणि ओढ्यापलीकडे नेऊन ठेवला. शाळा बंद होती म्हणून निभावलं. आता धाकटी पोरं चर्चच्या हॉलमध्ये अंगात कोट घालून बसतात. मी परवा मेणबत्ती लावायला गेलो तेव्हा दारातून ऐकलं. पाढेच म्हणत होती. दर ओळीला तोंडातून वाफ. खात्यानं कळवलंय की सेंट ब्रिजिडच्या सणाआधी, म्हणजे एक फेब्रुवारीच्या आत, जागेचं पक्कं झालं नाही, तर आपली शाळा रांगेत मागे जाईल आणि दुसऱ्या कोणाचा नंबर लागेल. त्यात त्यांचं काय चुकलं? कुडकुडणारी पोरं काही आपल्याकडेच नाहीत.

गेल्या आठवड्यात जमीन तपासायला एक तरुण इंजिनिअर बाई आली. तिला मी नाही म्हटलं नाही, तपासायला काय जातंय. तिनं खड्डा खणला, पाणी ओतलं आणि जमीन ते किती वेळात पिते ते बघत बसली. तुझ्या वेळीही असाच खड्डा झाला होता, आणि आपण तिघं त्याच्याभोवती उभे राहून पाणी उतरताना बघत होतो, जसं काही त्यातून कोणी वर येणार आहे. जमिनीनं तेव्हाही पटकन पाणी प्यायलं, आताही प्यायलं. तिला कुठे कळतंय कोणासाठी पितेय ते. जाताना त्या बाईनं विचारलं, "या खुंट्या कोणाच्या? काढल्या तर चालतील?" मी म्हटलं, "माझ्या पोराच्या आहेत." त्यावर ती खुंट्यांकडे बघत म्हणाली, "छान मांडलंय. स्वयंपाकघर तळ्याकडे." मग आपली मोजपट्टी, फावडं, सगळं उचललं आणि गाडीपर्यंत खुंट्यांना वळसा घालून गेली. शाळेच्या नकाशात, ती म्हणाली, तिथे बरोबर बालवर्ग येतोय. खिडक्या तळ्याकडे.

आता ताकाला जाऊन भांडं लपवत नाही. त्या दिवशी फाटकाशी आम्ही पावसाचं बोलत नव्हतो. मी हात वर केला तो ॲशलिंगची खबर विचारायला, म्हणजे तिच्या आडून तुझी. बार्टलीनं इंजिनाच्या वर आवाज चढवून सांगितलं, "अभिनंदन, मॅलकी! पोरानं घर घेतलं म्हणे! ॲशलिंग म्हणते, ओसरी काय, मागं लिंबाचं झाड काय!" मी म्हटलं, "हो, हो. चांगलं आहे घर." तो माझ्या तोंडाकडे बघत राहिला. मग त्यानं टोपी काढली, पुन्हा घातली, आणि तेवढ्यात चढावर पॅकी दिसला. म्हणून बार्टली सगळ्यांना पावसाचं सांगतो, आणि म्हणून त्याला कुत्र्याचे कान खाजवावे लागतात. गाव म्हणतं मी भावासाठी अडलोय. काही जण मनात म्हणत असतील, म्हातारा पोराची वाट बघतोय. दोन्ही नाही, रोनन. तू येशील याची वाट मी आईला मातीत ठेवली तेव्हाच सोडली. मी वाट बघत होतो ती तू सांगशील याची. दर रविवारी ऊन-पाऊस झाल्यावर मी गप्प व्हायचो ना, तेव्हा लाइन गेलेली नसायची. तुला बोलायला जागा ठेवत होतो. पण तुला माझं वाईट वाटतंय म्हणून तू गप्प, मला तुझं वाईट वाटतंय म्हणून मी गप्प, आणि आपल्या दोघांच्या चांगुलपणापायी हॉलमधली पोरं कुडकुडतायत, हे काही बरं नाही. हेनेगनला मी थांबवून ठेवलं होतं. कुरण शाळेला द्यायच्या कागदांचा त्याचा लिफाफा या पत्राच्या मागोमाग येईल. तो सरकारी कागद तुझ्या हातात आधी पडू नये, एवढ्यासाठी हे लिहिलं. सही कर आणि पाठवून दे, बरोबर काही लिहायला पाहिजे असं नाही. घर घेतलंस ते फार चांगलं केलंस. भांडी घासायची जागा खिडकीशी आहे ना, तेवढं कळव. रविवारी त्या पांढऱ्या भिंतीपासून ऊठ, फोन हातात घेऊन मला सगळं घर हिंडवून आण, आणि मेवला तिचं लिंबाचं पुरं सांगू दे. खुंट्या मी माझ्या हातानं उपटीन. एक तुझ्या झाडाला आधार म्हणून पाठवणार होतो, पण बार्टली म्हणतो तिकडे बाहेरची काडीसुद्धा आत येऊ देत नाहीत. तेव्हा तिथलीच एखादी काठी बघ. बांधताना दोरी सैल ठेव, कोवळ्या खोडाला जाड व्हायला जागा लागते.

अजून फाटकाशीच उभा असलेला,
तुझाच,
बाबा